जनरेटरच्या सायलेन्सरमधून जाणाऱ्या उष्णतेवर वीज काढता येईल का?

प्रश्न:
सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वीज गेली की १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर लावावा लागतो आणि पूर्ण लोडवर तो तासाला सुमारे २६ लिटर डिझेल पितो. सायलेन्सरच्या पाइपवर पाण्याचा थेंब पडला की तडतडून नाहीसा होतो. एवढी उष्णता हवेत जाताना पाहून जीव हळहळतो. त्या पाइपात टर्बाइन बसवून आणखी वीज मिळेल का?

पहिले उत्तर:
तुमच्या इंजिनाला टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) असेल, तर त्या धुरावर एक टर्बाइन आधीच फिरते आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. त्यापुढे दुसरे टर्बाइन ठेवून त्याची शक्ती गिअरमधून क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, देण्याची रचना विमानांच्या आणि ट्रकांच्या इंजिनांत वापरली गेली आहे. परंतु धुराच्या वाटेत अडथळा वाढला की तो बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनलाच जास्त जोर लागतो, आणि कमावलेल्यातले काही तिथेच खर्ची पडते. दुसरा मार्ग धुरावर वाफ करण्याचा. उरणच्या वायू विद्युत केंद्रात गॅस टर्बाइनांच्या धुरावर १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच आहेत, मात्र तो पसारा वेगळा.

तुमचा हिशेब असा होईल. धूर साधारण ४५० अंशांवर निघतो. तो १८० अंशांच्या फार खाली थंड करू नये, कारण डिझेलमधील गंधकाचे आम्ल होऊन नळ्या खाल्ल्या जातात. एवढ्या उतारात ४५ ते ५० किलोवॅट उष्णता हाती येते. तिची वीज करायला गेलात तर लहान यंत्रात जेमतेम चार-पाच किलोवॅट मिळतील. तीच उष्णता पाण्याला दिली, तर तासाला सुमारे ७५० लिटर पाणी ३० अंशांवरून ८० अंशांवर जाईल. डाइंगला, म्हणजे रंगाईला, गरम पाणी लागतेच, तेव्हा माझा कौल पाण्याला आहे.

दुसरे उत्तर:
हिशेब पटला, पण जनरेटर रोज किती तास चालतो? तास-दीड तासासाठी खर्च करण्याआधी बॉयलरच्या चिमणीकडे पाहा. तो धूर सुमारे २२ अंशांनी थंड केला की इंधनात साधारण एक टक्का बचत होते.

प्रश्नकर्ता:
जनरेटर तासभरच चालतो. बॉयलर मात्र दोन पाळ्या पेटलेला असतो. आत्ताच पाहून आलो, चिमणीच्या तापमापकावर २४० अंश आहेत आणि बॉयलरला पाणी छतावरच्या टाकीतून थेट, न तापवता जाते. आता जनरेटरच्या धुराचा विचार सोडून बॉयलरसाठी इकॉनॉमायझरचे, म्हणजे चिमणीच्या धुरावर बॉयलरचे पाणी आधीच तापवणाऱ्या यंत्राचे, दरपत्रक मागवतो.