शाळेत आवडलेला विषय पुढे कशाने टिकतो?

प्रश्न: गावभागची आई, सांगली

नमस्कार. माझी मुलगी दहावीला आहे आणि तिचा सर्वांत आवडता विषय भूगोल आहे. घरात याचे फारसे कौतुक कोणालाच नाही. "भूगोल चाळीस मार्कांचा, तो शेवटच्या आठवड्यात होतो," असे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला सांगतो. इतिहास व राज्यशास्त्राला 40, भूगोलाला 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20 गुण, हा हिशेब मलाही माहीत आहे. तरीही हे वाक्य ऐकताना तिचा उतरलेला चेहरा मला बघवत नाही.

तिला हा विषय पुस्तकाने नव्हे, पुराने शिकवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि आम्हाला घर सोडून विश्रामबागला बहिणीकडे जावे लागले. 2021 च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ झाली, तेव्हापासून तिने एक वही घातली आहे. डाव्या पानावर कोयना धरणाचा विसर्ग किती क्युसेक, धरणाच्या वरच्या भागातल्या नवजा आणि महाबळेश्वरला पाऊस किती मिलिमीटर. उजव्या पानावर आयर्विनची पातळी. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे सांगलीत लहान पोरालाही ठाऊक असते, पण सांगलीत लख्ख ऊन पडलेले असताना पाणी का चढते, हा प्रश्न तिने स्वतः काढला. उत्तरही तिनेच नकाशावर निळ्या पेन्सिलीने शोधले. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि वारणा आपल्या खाली हरिपूरला मिळते; वारणाही भरून आलेली असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि त्याचा फुगवटा शहरावर येतो. हे तिने मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पिठाने नद्या काढून समजावले.

ती भूगोलात पदवी घेईल की नाही, हे मी विचारत नाही. बहुधा ती विज्ञान शाखेला जाईल आणि हा विषय मागे पडेल. मला संस्कृत फार आवडत असे, पण दहावीनंतर ते सुटले ते सुटलेच. आज साधे सुभाषित लावतानाही मी अडखळते, आणि याची मला मनापासून खंत आहे. ज्यांचा व्यवसाय एक आणि शाळेत आवडलेला विषय दुसराच, पण तो विषय ज्यांच्याजवळ राहिला, अशांना मला विचारायचे आहे की मधल्या वर्षांत तो नेमका कशाने टिकला?

उत्तर: तंबोरा, मिरज

ताई, माझे औषधांचे दुकान आहे आणि शाळेत मला पदार्थविज्ञान आवडत असे, त्यातही 'ध्वनी' हे एकच प्रकरण. अकरावी-बारावीला प्रयोगशाळेत ताणलेल्या तारेवर कागदाचे चिमुकले तुकडे ठेवून तार कंप पावू लागली की कोणता तुकडा उडतो आणि कोणता जागेवर बसून राहतो, हे पाहायचे असे. जो बसून राहतो तो निस्पंद बिंदू. तो न हललेला कागदाचा तुकडा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. पुढे औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश घेतला आणि ध्वनीशी संबंध संपला, असे मला वाटले होते.

मिरजेत राहून तो संपणे मात्र अवघड आहे. आमच्याकडे तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या आहेत आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुकानात औषधे घेणाऱ्या एका वयस्कर कारागिरांना मी एकदा सहज विचारले की जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो भरलेला झंकार, नक्की कशी साधतात, तर त्यांनी मला संध्याकाळी कामाच्या जागी यायला सांगितले. त्या संध्याकाळी जे पाहिले ते थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यातच आहे.

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अगदी हलका बाक असतो आणि तार त्या बाकावर टेकत टेकत पुढे जाते. कारागीर कानस फिरवतात, तार चढवतात, छेडतात, ऐकतात, तार उतरवतात आणि पुन्हा कानस फिरवतात. त्यानंतर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा चुकीच्या जागी असेल तर आवाज बद्द निघतो. केसभर पुढे सरकवला की तीच तार एकाएकी उघडते आणि एका स्वरातून अनेक स्वर झरू लागतात. त्यांनी तो दोरा माझ्या हाताने सरकवून घेतला. माझ्याकडून तीनदा चुकले आणि चौथ्यांदा तार बोलली.

घरी येऊन मी बारावीचे पुस्तक शोधून काढले. तारेच्या ज्या बिंदूवर आपण छेडतो, तिथेच ज्या अधिस्वराचा (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वराचा) निस्पंद बिंदू येतो तो अधिस्वर उमटू नये, असा नियम आहे. तंबोऱ्यात तो ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हेच दाखवले होते आणि त्याचे कारण त्या बाकदार घोडीत आहे, असे सांगितले होते. नोबेल मिळण्याच्या 9 वर्षे आधी हा माणूस आमच्या तंबोऱ्याच्या घोडीचा विचार करत होता, हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. आता माझी दर गुरुवारची संध्याकाळ त्या कारखान्यात जाते. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, तेव्हा मी गायकाआधी तंबोरा ऐकतो.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे की विषय गावात होता म्हणून टिकला. मधली 15 वर्षे मी त्याच्याकडे पाहिले नाही, पण तो दोन गल्ल्या सोडून तिथेच होता. तुमच्या मुलीचा विषय तर दारातून वाहतो आहे.

उत्तर: जुना सातारकर

वरील उत्तर फार आवडले. माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि आवडता विषय जीवशास्त्र. आमच्या बाईंनी जास्वंदीचे फूल ब्लेडने उभे कापायला शिकवले होते आणि त्या वर्षी आमच्या परड्यात एकही जास्वंद धड राहिली नाही.

मला टिकवले ते एका भिंगाने. पहिल्या पगारातून दहापट मोठे दाखवणारे भिंग घेतले आणि ते आजही खिशात असते. सातारा ते कास साधारण 25 किलोमीटर. 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत कासचे नाव जागतिक वारशात गेल्यापासून तिथे गर्दी लोटते आणि बहुतेक जण फुलांचे गालिचे पाहून परततात. गालिचा सुंदरच असतो, पण खरी गोष्ट गुडघे टेकल्यावर दिसते. सीतेची आसवे हे नखाएवढे जांभळे फूल आपण 'कीटकभक्षी वनस्पती' या धड्यात वाचलेले असते. त्याच्या मुळाशी ओल्या मातीत टाचणीच्या डोक्यासारख्या पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. जांभ्या खडकावरच्या त्या पातळ मातीत नत्र फार कमी, म्हणून झाडाला ही सोय करावी लागते. हे वाक्य परीक्षेत मी घोकून लिहिले होते. ते खरे आहे हे मला वयाच्या 26 व्या वर्षी भिंगातून कळले. (फूल उपटून मात्र कधीही पाहू नये. पावसाने उघड्या पडलेल्या मातीत ते आपोआप दिसते, तेवढी वाट पाहावी.) वायतुरा पाहा: दोन फाट्यांचा तुरा आणि शास्त्रीय नावातच 'सातारेन्सिस'. आपल्या गावाचे नाव मिरवणारी वनस्पती आपल्याला ओळखता येऊ नये, हे मला बरे वाटत नाही.

मुलीची ती वही जपून ठेवा. माझे भिंग तशी तिची वही.

उत्तर: निवृत्त गणित शिक्षक, कऱ्हाड

मी 31 वर्षे गणित शिकवले आणि थोडे वेगळे सांगू इच्छितो. मुले 'आवडता विषय' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना त्या विषयाचे शिक्षक आवडत असतात. शिक्षक बदलले की आवड ओसरते आणि मुलाला वाटते की आपल्यातच काही उणे आहे. मला स्वतःला शाळेत भूमिती प्राणाहून प्रिय होती. महाविद्यालयात एका प्राध्यापकांनी भर वर्गात माझी रचना चुकीची ठरवून फळा पुसला, आणि पुढची दोन वर्षे मी कंपासपेटी उघडली नाही. ती रचना बरोबर होती. मला परत आणले ते घरमालकाच्या सुतारकामाने. पेटीच्या झाकणाचा काटकोन तपासायला तो दोरीवर 3, 4 आणि 5 विती मोजून त्रिकोण ताणत असे. त्याने पायथागोरसचे नाव ऐकले नव्हते, पण त्याचा कोपरा कधी चुकला नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, की 40 गुणांचे वाक्य घरात बंद करा. शेजाऱ्यांचे तोंड आपण धरू शकत नाही, पण मूल घरातल्यांच्या तोंडाकडे पाहत असते. आणि एक सुचवतो: भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा तिला मिळवून द्या. त्यावरच्या समोच्च रेषा सारख्या उंचीची ठिकाणे जोडतात आणि लागोपाठच्या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक 20 मीटरचा असतो. सांगलीच्या आसपास या रेषा किती विरळ आहेत आणि कोयनेच्या खोऱ्यात किती दाट, हे तिने एकदा बोट फिरवून पाहिले की तिच्या वहीची दोन्ही पाने तिला एकाच नकाशात दिसतील.

गावभागची आई, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचे उत्तर मी तिच्या वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी तिची वही मागून घेतली आणि 2021 ची पाने उलटत बसले. नकाशा कुठे मिळेल याची चौकशी तेच करणार आहेत.

तुमच्या समोच्च रेषांबद्दल तिला सांगितले, तर तिने विचारले की सांगलीत दोन रेषांमध्ये 20 मीटरचा फरक असेल तर आपले घर आणि नदी एकाच रेषेच्या आत येतील का, आणि मग फूट-दीड फुटाचा फरक नकाशात कसा दाखवतात? मला उत्तर देता आले नाही. रविवारी आम्ही हरिपूरला संगमावर जाणार आहोत. तोवर कोणाला माहीत असेल तर येथे जरूर लिहावे, मी तिला वाचून दाखवीन.