मदत हवी आहे: मॉडेलमधली नदी चढावर वाहतेय

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय, एमएस्सी जिऑलॉजीचं शेवटचं सेमिस्टर, डिझर्टेशन द्यायला एकोणीस दिवस राहिलेत आणि माझी नदी चढावर वाहतेय.

विषय खंबातचं खोरं, 1958 ला लुणेजला आणि 1960 ला अंकलेश्वरला तेल लागलं तेच. अंकलेश्वरचं तेल ज्या वाळूत आहे ती इओसीनमधल्या (साधारण 5.6 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वीच्या) नदीच्या मुखाशी साचलेली, म्हणजे तेव्हाची जमीन कशी उतरत होती ते काढलं तर वाळू कुठे असेल याचा अंदाज येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रतळाखाली 2 किमीवर 5.6 कोटी वर्षांपूर्वीची अख्खी जमीन, नद्यांसकट, थ्रीडी सिस्मिकमध्ये (ध्वनिलहरींनी घेतलेल्या जमिनीखालच्या चित्रात) सापडली होती, 2011 चा पेपर आहे, तो वाचून मलाही हौस आली.

करते असं की वरचे थर एकेक काढायचे, वजन उतरल्यावर कवच जेवढं वर येईल तेवढं उचलायचं आणि खालचे चेपलेले थर परत फुगवायचे. पायथनमध्ये लिहिलंय, सहा विहिरी आहेत. पण जमिनीकडच्या दोन विहिरींपाशी 90 मीटरचा खड्डा पडतोय, म्हणून नदीला समुद्राकडे जाताना चढावं लागतंय; तिथे खालचा शेल (चिखलाचा झालेला खडक) बाकीच्यांपेक्षा 300 मीटर जाड आहे. ग्रिड बदललं, घनता बदलली, रात्री दीडला कोड पहिल्यापासून टाइप केला, काही फरक नाही. आईला सांगितलं तर म्हणे आपली विश्वामित्री नदी तरी कुठे उताराचं ऐकते, सरळ घरात येते.

पोरॉसिटी (खडकातल्या पोकळ्यांचं प्रमाण) सुरुवातीला 49 टक्के आणि ती खोलीबरोबर किती झपाट्याने घटते तो गुणांक किमीमागे 0.27, सगळ्या थरांना. कुठे चुकतंय?

दांडियाबाजारकर: फॉल्ट (थर तुटून सरकतात ती भेग) विसरली असशील. बाकी सगळं जाऊ दे, आधी सेव-उसळ खाऊन ये.

जुना_लॉगवाला: सगळ्या थरांना?? ताई, ते आकडे वाळूचे आहेत! शेलला 63 टक्के आणि 0.51 लाव. हिशोब करून बघ, 2 किमीवरचा 100 मीटर शेल पार वर आणला तर 209 मीटर होतो, तेवढीच वाळू फक्त 140. तू शेलला वाळूइतकाच फुगवतेस, मग जिथे शेल जाड तिथे जमीन खाली राहणारच. लॉग (विहिरीत खोलीगणिक घेतलेली मोजमापं) बघून थरागणिक वाळू-शेलचं प्रमाण काढ आणि त्याप्रमाणे आकडे मिसळ. गॅमा रे लॉग आहे ना, खडकाची किरणोत्सारिता मोजणारा, शेलला जास्त दाखवतो तो?

धागाकर्ती: काका, गॅमा रे आहे आणि मी तो फक्त थरांच्या सीमा आखायला वापरला होता 🤦 आत्ता चालवून बघितलं, खड्डा 90 वरून 25 वर आला आणि नदी एका विहिरीला वळसा घालून निघाली. दुसरीपाशी अजून अडतेय, तिथे सिस्मिकमध्ये फॉल्ट दिसतो खरा. थर काढायच्या आधी फॉल्टची सरक मागे न्यायची की नंतर?