अनुभव धागा: मरणापुढचा ‘का?’ आणि ख्रिस्ती श्रद्धेत सापडलेलं उत्तर

नीलपक्षी
काल एका परिचितांच्या अंत्यविधीत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या कथेचा, अकरावा अध्याय वाचला आणि बाबा गेले तेव्हाचं सगळं उसळून वर आलं. माणूस शेवटी जातो कुठे, आणि जायचंच असेल तर एवढी माया लावायची कशाला, हाच प्रश्न तेव्हा डोक्यात घुमत होता. भेटायला येणारे ‘देवाची इच्छा’ म्हणाले की तळपायाची आग मस्तकात जायची.

मग कधीतरी हाच अध्याय नीट वाचला. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मार्था आणि मरीया दोघी येशूला एकच गोष्ट ऐकवतात, तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ गेला नसता. सरळसरळ तक्रार! मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे असं सांगतो. मरीयेला काहीच समजावत नाही, तिचं रडणं बघून स्वतः रडतो. थोड्या वेळाने लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, तरीही रडतो. मला उत्तर तिथे मिळालं. देवालाही मरण सोसवत नाही, आणि तो मरणाला शेवटचा शब्द बोलू देत नाही. माझी श्रद्धा एवढ्यावर उभी आहे.

तुम्हाला कुठे, कसं सापडलं? लिहा.

पाऊलवाट
आमचं पहिलं बाळ जन्मल्यावर लगेच गेलं. चर्चचे पाळक आले, खुर्ची ओढून बसले, बराच वेळ गप्प. निघताना फक्त स्तोत्र 88 वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, आणि तरी बायबलमध्ये आहे. म्हणजे देवाशी असंही बोलता येतं! त्या दिवसापासून मी प्रार्थनेत भांडते. आणि भांडायला समोर कुणीतरी आहे हे पक्कं वाटतं. बाकी नंतर लिहिते, धाकटी उठली.

नीलपक्षी
मिठी गं. सावकाश लिही.

जुनाखांब
बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचा, सगळं गमावलेल्या माणसाचं. 42 अध्याय आहेत, पण 38व्यापासून वाचलंत तरी चालेल. देव वावटळीतून बोलतो आणि दुःखाचं कारण सांगतच नाही, उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? तरुणपणी मला हे फार कठोर वाटायचं. हृदयाच्या ऑपरेशननंतर आयसीयूत पडून होतो तेव्हा उलगडलं. ईयोबाला कारण नकोच होतं, देव समोर यायला हवा होता, आणि तो आला. ज्या मित्रांनी कारणांची रांग लावली, त्यांच्यावरच देव शेवटी संतापतो.

रिकामीओंजळ
मी ख्रिस्ती घरातच वाढले, पण मला अजून असं काही सापडलेलं नाही. आई गेल्यावर चर्चला जाणंही सुटलं. वाचतेय मात्र सगळं.

जुनाखांब
वाचत राहा ताई, घाई नाही. येशूचा शिष्य थोमा, त्यालाही येशू मरणातून उठला हे पटायला बाकीच्यांपेक्षा आठवडा जास्त लागला. आणि तेवढे दिवस इतर शिष्यांनी त्याला बाहेर काढलं नाही, सोबतच ठेवलं. मला तो भाग फार आवडतो.

गणितवेडा
फ्रेंच गणिती पास्कालचं कुणी लिहिलं नाही? 23 नोव्हेंबर 1654. रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत त्याला देवाचा जो अनुभव आला, तो त्याने लिहून काढला. सुरुवातीलाच एकटा शब्द, ‘अग्नी’. मग, अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्ववेत्त्यांचा नव्हे. एवढा मोठा गणिती, पण त्या रात्रीबद्दल सिद्धता मांडायला बसला नाही. 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराला तो कागद कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. मला तशी रात्र लाभली नाही. माझं हळूहळू झालं, मागच्या बाकावर बसून, इतरांच्या प्रार्थना ऐकत.

मोगरा
कोट बदलला की उसवून परत शिवायचं?

गणितवेडा
हो, तसंच सांगतात.

मोगरा
बाप रे. मला पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, तीही गेली. तरी बाईंनी मराठी बायबलचं भाषांतर तडीस नेलं आणि 1922 मध्ये प्रभूकडे गेल्या. उत्तर मिळालेलं माणूस कसं जगतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळतं. माझ्या आजारपणात मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत होते.

रिकामीओंजळ
पुन्हा वाचायचं झालं तर सुरुवात कुठून करू? आईचं बायबल आहे, पण अक्षर फार बारीक.

नीलपक्षी
मार्कापासून कर. चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, 16 अध्याय, एका बैठकीत होतं. मोबाईलवर अक्षर मोठं करता येतं, ऑडिओही मिळतो. आईचं जवळ असू दे, त्यात तिने खुणा केल्या असतील तर आधी तीच पानं उघड.

पाऊलवाट
झोपली एकदाची. ऑडिओचं मलाही सांगा ना कुणी, दोन्ही हात बाळात अडकलेले असतात.