तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे दोष स्वभावाचा ठरतो का?

चर्चाप्रस्ताव

मी एका बँकेच्या शाखेत कर्जविभाग सांभाळते. गेली दोन वर्षे तिमाही संपत आली की छातीत धडधड, घशात आवंढा अडकल्याची भावना आणि मानेतून उठणारी डोकेदुखी सुरू होते. ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी निर्दोष आली, आणि तेव्हापासून घरी, कार्यालयात, दवाखान्यातही एकच वाक्य ऐकते आहे, की तुमचा स्वभावच काळजी करणारा आहे. जेथे दोन पदे रिकामी आहेत, उद्दिष्टे वरून ठरून येतात आणि रात्री दहानंतरही आकडे मागणारे संदेश येतात, तेथे धडधड व्हायला वेगळा स्वभाव कशाला हवा?

स्वभावावर बोट ठेवण्याची रीत जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी १९५९ साली घाईची, चढाओढीची वृत्ती, म्हणजे पुढे ज्याला 'टाईप ए' म्हटले गेले तो स्वभाव, हृदयविकाराशी जोडला. नंतरच्या अनेक अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, आणि या संशोधनामागे तंबाखू कंपन्यांचा पैसा होता, हे त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आले.

प्रतिसाद १ (समुपदेशक)

ताई, आपला संताप रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. वॉटसन आणि पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली दाखवले, की अस्वस्थतेकडे कल असलेली माणसे शारीरिक तक्रारी अधिक सांगतात, पण प्रत्यक्ष आजाराच्या मोजमापांशी त्या कलाचा तितका संबंध दिसत नाही. तक्रार खोटी असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. शरीराच्या बारीकसारीक संवेदनांकडे काहींचे लक्ष लवकर जाते, त्यांत धोका दिसला की धडधड वाढते, आणि वाढलेल्या धडधडीने भीती आणखी पक्की होते. त्याच शाखेत, त्याच उद्दिष्टांखाली शेजारच्या टेबलावरचे सहकारी ठणठणीत असतील, तर हा फरक कोठून आला?

प्रतिसाद २ (प्रस्तावक)

शेजारचे सहकारी ठणठणीत आहेत की नाहीत, हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही, मीही नाही. लंडनमधील १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल २' हा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. आपल्या कामावर ज्यांचे नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. काळजीखोर माणूस कामालाही नावे ठेवणारच, ही शंका तेथे विचारात घेतलेली होती; नियंत्रण किती आहे हे कर्मचाऱ्यांच्या सांगण्याखेरीज स्वतंत्रपणेही तपासले गेले, आणि नकारात्मक भावनांचा कल हिशेबात धरल्यावरही संबंध उरला.

प्रतिसाद ३ (समुपदेशक)

हा पुरावा भक्कम आहे आणि नियंत्रणाचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु तो निदान झालेल्या हृदयविकाराबद्दल आहे, निर्दोष अहवालानंतर उरणाऱ्या धडधडीबद्दल नाही. शिवाय त्याच विश्लेषणात कामाच्या निव्वळ बोज्याचा त्या धोक्याशी संबंध आढळला नव्हता. म्हणून 'कामाचा ताण' असे मोघम म्हणणे मला 'स्वभाव' म्हणण्याइतकेच अपुरे वाटते.

प्रतिसाद ४ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

दोघेही एक पायरी ओलांडून पुढे गेला आहात. आमच्या विद्यार्थिदशेत जठरव्रणाचे खापर धावपळीवर आणि चिंतेवर फुटत असे. पुढे वॉरन आणि मार्शल यांनी त्यामागचा जिवाणू शोधला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांची नोंद घेतो. जी धडधड तिमाहीअखेरच येते, ती शांत सकाळी काढलेल्या कागदावर कशी उमटेल? त्रासाच्याच दिवसांत होल्टर, म्हणजे चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदत राहणारे अंगावरचे छोटे यंत्र, लावावे आणि हिमोग्लोबिनही पाहावे. त्याआधी स्वभावाचे नाव घेणे मला वैद्यकीयदृष्ट्या घाईचे वाटते.

प्रतिसाद ५ (प्रस्तावक)

डॉक्टरसाहेब, मार्चअखेरच्या आठवड्यात होल्टर लावून घेईन. लक्षणांची नोंदही ठेवेन. मात्र त्या वहीत मनात काय आले याच्या शेजारी त्या दिवशी किती वाजता घरी पोहोचले आणि कोणता निर्णय माझ्या हातात होता, हेही लिहीन. अहवाल निर्दोष आला, तर ती वही घेऊन मी आधी शाखाधिकाऱ्यांकडे जाईन आणि मग समुपदेशकांकडे.