स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर घन आहार सुरू करताना घास अडकतो. थांबावे की चालू ठेवावे?

प्रश्न:
माझ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीला, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेला, सहा आठवडे झाले असून आहारतज्ज्ञांनी आता मऊ आहारावरून हळूहळू घन आहाराकडे वळण्यास सांगितले आहे. अंडे, दही आणि कुस्करलेला मासा मला सोसतो. परंतु चिकनचा लहानसा तुकडा खाल्ला तरी छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखे होते, तोंडात फेसाळ लाळ येते आणि बहुधा तो घास उलटून पडतो. थोड्या वेळाने पाणी मात्र नेहमीप्रमाणे उतरते. उलटीच्या जोराने आतली शिवण उसवेल, ही भीती मनातून जात नाही. अशा वेळी पुन्हा पातळ आहारावर यावे का?

उत्तर १:
मी आहारतज्ज्ञ आहे. पाणी व मऊ पदार्थ व्यवस्थित उतरतात, ही आपण दिलेली माहिती सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्यावरून वाट बंद झालेली नसून अडचण त्या विशिष्ट पदार्थाच्या पोताची असावी, असे वाटते. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढला जातो आणि त्यात अन्न आल्यावर सैल होऊन जागा करून देणारा वरचा फुगीर भागही जातो. उरलेल्या अरुंद नळीत नीट न चावलेला कोरडा, तंतुमय घास साहजिकच अडतो. शिवणीतून गळती होण्याचा धोका प्रामुख्याने सुरुवातीच्या आठवड्यांत असतो. तरीही उलट्या वारंवार होत असतील, तर ते आपल्या शल्यचिकित्सकांना कळवायलाच हवे.

घास अडकला तर त्या दिवशी पुढे केवळ द्रवपदार्थ घ्यावेत, दुसऱ्या दिवशी मऊ आहार घ्यावा आणि चिकन काही दिवसांनी, तेही भाजलेले नव्हे तर बारीक खिमा करून रश्शात शिजवलेले, पुन्हा करून पाहावे. प्रत्येक घास नखाएवढा असावा, तो वीस ते तीस वेळा चावावा आणि पहिला दाब जाणवताच, ताटात काहीही उरलेले असले तरी, थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, हे उद्दिष्ट सर्वसाधारणपणे ठेवले जाते. ती अंडी, मासे व दह्यातून मिळत असतील, तर चिकनसाठी स्वतःला छळण्याचे कारण नाही. मऊ ताजा ब्रेड आणि चिकट भात मात्र आणखी लांबवा. दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यांचा आत गोळा होतो.

उत्तर २:
माझी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, झाली आहे, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू कळकळीने मांडतो. मला आधी घन पदार्थ उतरेनासे झाले, मग मऊ, आणि शेवटी पाण्याचा घोटही. जठर व आतडे यांचा जोड आकसला होता. एंडोस्कोपीद्वारे फुग्याने तो रुंद केल्यावर खाणे सुरळीत झाले. स्लीव्हमध्येही नळी अरुंद होऊ शकते. काल उतरणारा पदार्थ आज उतरत नाही, अशी उलटी वाटचाल दिसली, तर सबुरी धरून बसू नका.

सतत उलट्या होत राहिल्यास शरीरातील थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, काही आठवड्यांतच संपू शकते. दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे किंवा गोंधळल्यासारखे होणे ही त्याची गंभीर लक्षणे आहेत. तातडीच्या विभागात जावे लागले, तर आपली शस्त्रक्रिया कोणती झाली आहे हे आधी सांगा, कारण ग्लुकोजची सलाइन लावण्यापूर्वी थायमिन देणे आवश्यक असते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, विश्रांतीतही १२० च्या वर राहणारी नाडी किंवा काळे शौच दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे आभार. पाणी व मऊ पदार्थ उतरत असले तरी उलट्यांविषयी मी शल्यचिकित्सकांना उद्याच कळवते. एक उपप्रश्न आहे: मऊ आहार इतका सोसतो, तर आणखी काही महिने त्यावरच राहिले तर काय बिघडेल?

उत्तर ३:
बिघडते, आणि ते लगेच लक्षात येत नाही. मऊ व पातळ अन्न नळीतून चटकन पुढे सरकते, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. बिस्किटे, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारे कुरकुरीत पदार्थ कितीही खाल्ले तरी अडत नाहीत, आणि घन अन्नाला घाबरणारी व्यक्ती नकळत त्यांच्याकडेच वळते. माझे कमी झालेले वजन याच वाटेने परत येऊ लागले होते. शिवाय गोड पदार्थांनंतर काहींना, विशेषतः बायपास झालेल्यांना, घाम, धडधड व जुलाब यांचा त्रास होतो, त्याला डम्पिंग म्हणतात.

म्हणून शल्यचिकित्सकांनी हरकत नसल्याचे सांगितल्यावर एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, आणि तो दिवसाच्या निवांत वेळी, घाई नसताना घ्या. काय खाल्ले, कसे शिजवले होते, किती वेळात खाल्ले आणि त्यानंतर काय झाले, याची नोंद पुढील भेटीस घेऊन जा. आहारतज्ज्ञांना त्या नोंदीवरून पोत, वेग आणि प्रमाण यांपैकी नेमके कुठे अडते, ते बरेचसे ओळखता येते.