घरगुती चटणीच्या विक्रीसाठी वर्डप्रेस की तयार भाड्याचे दुकान?

शाहूपुरीकर:
आमच्या वहिनी दर उन्हाळ्यात डंकावर कुटून घेतलेली कांदा-लसूण चटणी पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरांना कुरिअरने पाठवतात. आता ओळखीच्या ओळखीतूनही मागणी येऊ लागल्यामुळे संकेतस्थळ उभारावे असा घरात विचार चालला आहे. माझे मत असे की घरगुती व्यवसायाने वर्डप्रेसच्या, म्हणजे संकेतस्थळ स्वतः उभारण्याच्या सॉफ्टवेअरच्या, वाटेला जाऊ नये आणि शॉपिफाय किंवा विक्ससारखी दरमहा पैसे भरून मिळणारी तयार दुकानाची सेवा घ्यावी. वर्डप्रेस फुकट आहे हे खरे, परंतु होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरची जागा), प्लगिन (जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्राम), त्यांची अपडेट आणि बॅकअप यांची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते. मार्च ते मे या ऐन हंगामात एखाद्या प्लगिनच्या अपडेटमुळे पैसे भरण्याचे पान बंद पडले, तर डंकावर रांगेत उभ्या असलेल्या वहिनींनी ते दुरुस्त करावे अशी अपेक्षा ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणांसह मांडावे.

तांबडा-पांढरा:
माझे मत नेमके उलट आहे. भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटणाऱ्याने मालक कधीही कुलूप लावू शकतो हे गृहीत धरूनच चालावे. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवता येणारी छोटी संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि ज्यांनी पिशव्यांवर, लेबलांवर तो पत्ता छापला होता त्यांचा पत्ताच गेला. विक्सवर उभारलेले संकेतस्थळ दुसऱ्या होस्टिंगवर उचलून नेता येत नाही, सोडायचे म्हटले की नव्याने बांधावे लागते. याउलट वर्डप्रेस २००३ पासून मुक्त परवान्याखाली आहे, त्यावर दुकान चालवण्यासाठी वूकॉमर्स हे प्लगिन आहे, आणि होस्टिंगवाला पटला नाही तर फाइली व डेटाबेस घेऊन दुसरीकडे जाता येते. शिवाय वर्डप्रेसचा कारभाराचा भाग मराठीत करता येतो. वहिनींनी स्वतः ऑर्डरी पाहायच्या असतील तर ही सोय लहान नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. लेबलाचा मजकूर छापखान्यात श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये केलेला असेल, तर तो जसाच्या तसा संकेतस्थळावर डकवू नये, कारण वाचणाऱ्याला अक्षरांऐवजी चिन्हांचा गुंता दिसेल. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा सरळ पुन्हा टंकित करावा. सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी हे काम टळत नाही.

शाहूपुरीकर:
विक्सबद्दलचा आक्षेप मान्य आहे. मात्र शॉपिफायमधून मालाची व ग्राहकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या रूपात) काढून घेता येते, त्यामुळे मागे राहतो तो केवळ दर्शनी साज. आणि मुक्त सॉफ्टवेअरवर मालकाची मर्जी चालत नाही हेही पूर्ण खरे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला, तेव्हा प्लगिन व अपडेट जेथून मिळतात त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गने त्या कंपनीच्या सर्व्हरची वाट अडवली आणि भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या ग्राहकांची प्लगिन-अपडेट अडकली.

दुसरा मुद्दा आपल्या कोल्हापूरचा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि माल बाहेर काढण्याची वाटच उरली नाही. अशा वेळी ऑर्डर घेणे तत्काळ थांबवून तशी सूचना लावणे हे काम वहिनींना मोबाइलवरून, कोणाला फोन न करता जमले पाहिजे. सॉफ्टवेअर निवडताना मी सर्वांत आधी हे पाहीन.

उत्तरेश्वर पेठ:
एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, आपल्याकडे चटणीचे दोन-तीन प्रकार आणि फार तर मेतकूट. पैसे यूपीआयने थेट खात्यात जमा होतात. उलट संकेतस्थळावर पैसे स्वीकारून देणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते, म्हणजे ५०० रुपयांच्या ऑर्डरमागे ११ रुपये ८० पैसे गेले. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल ते वेगळे शुल्क लावतात, ते आणखी निराळे. घरगुती मालाच्या नफ्यातून हे सगळे द्यायचे का?

हिशेबनीस:
चर्चा सॉफ्टवेअरभोवती फिरते आहे, पण निवड ठरवणारी बाब कराची आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या पुढे जाईपर्यंत जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु करपात्र माल परराज्यात विकला तर कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे, चटणीला नाही. कंपोझिशन योजना (लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी, ठोक दराची जीएसटी योजना) घेऊनही परराज्यात माल विकता येत नाही. आपल्यासाठी परराज्य लांब नाही: निपाणी आणि बेळगावचे नातेवाईक हे पहिले गिऱ्हाईक असते आणि त्यांची ऑर्डर कर्नाटकाची धरली जाते.

म्हणून संकेतस्थळाला डिलिव्हरी राज्यानुसार किंवा पिनकोडनुसार बंद करता आली पाहिजे. वूकॉमर्स आणि शॉपिफाय या दोन्हींत डिलिव्हरीचे विभाग राज्यानुसार आखता येतात. पिनकोडवर काम भागवणाऱ्यांनी मात्र सावध असावे. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात असे धरून नियम लावला, तर गोव्याचे ४०३ ने सुरू होणारे पिनकोडही आत शिरतात आणि पणजीची ऑर्डर नकळत स्वीकारली जाते. उत्तरेश्वर यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा मार्ग स्वस्त आहे, पण तेथे ही अडवणूक माणसालाच करावी लागते, आणि हंगामाच्या घाईत ती होत नाही.

तांबडा-पांढरा:
हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. राज्य, पिनकोड, वजन अशा अटी वूकॉमर्समध्ये हव्या तशा जोडता येतात. अपडेटची भीती असेल तर देखभालीसह होस्टिंग घ्यावे. पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून मात्र भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी विचारावा.

शाहूपुरीकर:
देखभालीसह होस्टिंग घेतले की तेही भाडेच झाले, मग वाद उरतो कोठे? राज्याची अट शॉपिफायमध्येही लागते, असे हिशेबनीसांनीच लिहिले आहे. त्यामुळे माझे मत कायम आहे, मात्र क्रम बदलतो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आधी घ्यायचे आणि ते वहिनींच्याच नावावर व ईमेलवर नोंदवायचे, बनवून देणाऱ्याच्या नव्हे. या हंगामात फक्त महाराष्ट्र. सेवा वर्षाची न घेता महिन्याच्या बोलीवर घ्यायची आणि दर महिन्याला ग्राहकांची यादी उतरवून ठेवायची.

उत्तरेश्वर पेठ:
आणि बेळगावच्या मावशींना काय उत्तर द्यायचे ते वहिनींनी ठरवावे. माझ्या मते उलाढाल बघून नोंदणीच घ्यावी. त्यासाठी संकेतस्थळाची वाट पाहण्याची गरज नाही.