लॅम्बर्टची फाइल खरी मानायची का?

रीळ क्र. ७

(रहस्यभेद आहे. 'एलियन' १९७९, 'द थिंग' १९८२ आणि 'एलियन्स' १९८६ पाहिले नसतील तर इथूनच मागे फिरा.)

'एलियन्स'मधला चौकशीचा प्रसंग आठवा. लांबलचक टेबल, कंपनीची माणसं, आणि 'एलियन'मधून एकटी वाचलेल्या रिप्लीच्या पाठीमागच्या पडद्यावर नॉस्ट्रोमो या जहाजावरच्या मेलेल्या सहकाऱ्यांच्या फायली एकेक करून येताहेत. लॅम्बर्टच्या फायलीत एक ओळ आहे, जन्मतःच लिंगबदल झाल्याची, पुरुषाची स्त्री. ही ओळ पुढे करून हल्ली ठामपणे सांगितलं जातं की १९७९ची लॅम्बर्ट पहिल्यापासून ट्रान्स होती.

मला हे पटत नाही. फाइल १९८६च्या चित्रपटासाठी बनली. दिग्दर्शक वेगळा, लेखक वेगळा. १९७८ साली शेपरटनमध्ये चित्रीकरण चालू होतं तेव्हा ती कुणाच्या डोक्यातही नव्हती. व्हेरॉनिका कार्टराइटला तर आपण रिप्ली करतोय असंच वाटत होतं, लॅम्बर्ट करायची आहे हे कपड्यांची मापं द्यायची वेळ आली तेव्हा कळलं. तिने जे केलं ते निव्वळ भय, आणि ते अप्रतिम केलं.

माझी कसोटी साधी आहे. दुय्यम पात्राचा भूतकाळ पडद्यावर कुणाची तरी कृती बदलतो का? नसेल बदलत तर ती सजावट.

उल्का

असहमत. कॅमेऱ्यासमोर आलं ते चित्रपटात आलं. ते वाचायला कष्ट पडतात म्हणून ते खोटं ठरत नाही.

कष्ट का पडतात तेही सांगते. व्हीएचएसवर आडव्या दिशेचा तपशील जेमतेम २४० रेषांइतका, तिथे मजकूर म्हणजे राखाडी पट्टा. डीव्हीडीवर आडव्या रेषा ४८० किंवा ५७६, थोडीफार अक्षरं लागतात. २०१०च्या ब्लू-रे संचात १०८० रेषा आहेत, शिवाय पूरक साहित्यात या फायलींची मूळ चित्रफीतच स्वतंत्रपणे दिली आहे. तीच लावा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत वाचा. ऑनलाइन प्रवाहावर वाचू नका, तिथे बारीक अक्षरं आधी कॉम्प्रेशनमध्ये विरघळतात. आणि २०२४च्या फोर-के डिस्कच्या भरवशावर तर अजिबात नको. फिल्मचे दाणे पुसून कडा संगणकाने कोरल्या आहेत. चेहरे मेणाचे दिसतात ही तक्रार जुनीच आहे. बारीक मजकुरात असल्या कोरीवकामावर विश्वास कसा ठेवायचा?

राहता राहिला 'कुणाच्या डोक्यात नव्हती' हा मुद्दा. 'एलियन'चा मूळ लेखक ओबॅनन याच्या पटकथेतच टीप होती की सगळ्या भूमिका स्त्री किंवा पुरुष कुणीही करू शकेल. म्हणजे लिंग मुद्दाम मोकळं ठेवलेलं होतं. १९८६ने ती रिकामी जागा भरली, काही मोडलं नाही.

अर्धा वाटा

सगळे फायलीत डोकं घालून बसलात. ज्या दोघांचा भूतकाळ पहिल्या चित्रपटात उघड्यावर पडलाय त्यांच्याकडे कुणी बघेना!

पार्कर आणि ब्रेट, जहाजाची यंत्रं सांभाळणारे दोघे. जेवणाच्या टेबलावर पहिलं रडगाणं बोनसचं. इतरांना पूर्ण वाटा, यांना अर्धा. मग अनोळखी संकेत येतो, आणि पार्कर म्हणतो की हे मालवाहू जहाज आहे, बचावकार्य आपलं काम नव्हे. तेव्हा करारातलं कलम कोण काढतं? अ‍ॅश. संकेताची चौकशी केली नाही तर सगळा वाटा जप्त. पार्कर त्या क्षणी गप्प होतो. कंपनीने पेरलेला यंत्रमानव नेमकी तीच नस दाबतो जी चित्रपटाने पाच मिनिटं आधी आपल्याला दाखवलेली असते. सतरा तासांचं दुरुस्तीचं काम वर पंचवीस म्हणून सांगायचं, या एका वाक्यात दोघांची सगळी नोकरी कळते. रीळ क्र. ७ यांच्या कसोटीला शंभरपैकी शंभर.

शून्यप्रहर

कसोटी अ‍ॅशला लावा म्हणजे खरी गंमत कळेल. कप्तान डॅलस सांगतो की आपण पाच खेपा दुसऱ्या विज्ञान अधिकाऱ्याबरोबर केल्या, आणि थीडस हे ठाणं सोडायच्या दोन दिवस आधी त्याला काढून अ‍ॅशला पाठवलं. एवढंच. पण याचा अर्थ कंपनीला आधीच माहीत होतं. पुन्हा पाहताना सगळं त्या दोन दिवसांकडे बोट दाखवतं. चोवीस तासांचं विलगीकरण मोडून दार उघडणं, संकेत म्हणजे इशारा असावा असं रिप्लीला वाटल्यावर तिला थोपवणं, हल्ल्याआधी कानशिलावरून ओघळणारा पांढरा थेंब. आदेश ९३७ (प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील) सापडतो तेव्हा धक्का बसतो, पण अन्याय झाल्यासारखं वाटत नाही.

हा यंत्रमानव ओबॅननचा नव्हताच. वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी पुनर्लेखनात घुसडला, आणि ओबॅननला तो आवडलाही नव्हता. म्हणजे उपरा भूतकाळही मुरू शकतो, गाठ घट्ट मारली तर.

आता वाईट बातमी. ही गाठ 'एलियन्स'ने सोडली. कंपनीला संकेताचं ठिकाण माहीत होतं तर ५७ वर्षं तिथे कुणी का गेलं नाही? उलट वीस वर्षांहून जास्त काळ साठ-सत्तर कुटुंबं तिथे राहताहेत, आणि चौकशी समितीला तिथल्या परक्या जहाजाच्या अवशेषांचा पत्ता नाही. कंपनीच्या बर्कने वसाहतीला निरोप धाडेपर्यंत सगळे आंधळे. फाइल नीट पाहायचीच तर ९३७ची पाहा, ती नेमकी कुठे गहाळ झाली?

अर्धा वाटा

नोंद जहाजाबरोबरच जळाली असेल. रिप्लीने नॉस्ट्रोमो उडवली, आणि समिती ४ कोटी २० लाख डॉलरचा हिशेब मागते, तोही माल सोडून.

शून्यप्रहर

आदेश जहाजावर गेला म्हणजे तो कुठून तरी निघाला. जहाजातली प्रत जळेल, पाठवणाऱ्याची कशी जळेल? ही चित्रपटाची चूक आहे, झाकू नका.

उल्का

रीळ क्र. ७, एक सरळ प्रश्न. अमांडा रिप्ली चालते का तुम्हाला?

१९७९मध्ये रिप्लीला मुलगी असल्याचा उल्लेखसुद्धा नाही. १९८६ला चित्रपटगृहांत लागलेल्या १३७ मिनिटांच्या प्रतीतही नाही. १५४ मिनिटांच्या विशेष आवृत्तीत बर्क मुलीचा फोटो देतो. वय ६६, दोन वर्षांपूर्वी वारली. आकडे जुळतात: आज असती तर ६८, वजा ५७, उरतात ११. आणि रिप्लीने वचन दिलेलं असतं अकराव्या वाढदिवसाला परत येण्याचं. फोटोतली म्हातारी ही सिगर्नी वीव्हरची खरी आई, एलिझाबेथ इंग्लिस.

अमांडाही नंतरच जोडलेली. मग तिला दार उघडं आणि लॅम्बर्टला बंद, असं का?

रीळ क्र. ७

कारण अमांडामुळे रिप्ली खाली, न्यूट या वसाहतीतल्या लहान मुलीसाठी, परत जाते. लॅम्बर्टच्या फायलीने १९७९मधलं एकही पाऊल हलत नाही.

तरी कबूल करतो, न्यूटसाठी परत जाणं १३७ मिनिटांतही पटतं. तिथे अमांडा नसतानाही रिप्ली जातेच. म्हणजे माझ्याच कसोटीवर अमांडा काठावर पास.

उल्का

काठावर का होईना! मग लॅम्बर्टला निदान पुरवणी परीक्षेला बसू द्या. :)

कुत्र्याची सावली

उलट टोकाचं उदाहरण देतो. 'द थिंग'मध्ये अंटार्क्टिकातल्या तळावर बारा माणसं, त्यांच्यात माणसाची हुबेहूब नक्कल करणारा प्राणी, आणि भूतकाळ जवळजवळ कुणालाच नाही. कुत्र्यांची देखभाल करणारा क्लार्क घ्या. नॉर्वेच्या तळावरून आलेल्या कुत्र्याजवळ सर्वांत जास्त वेळ तोच असतो, बोलतो कमी, म्हणून संशय सगळा त्याच्यावर. मॅकरेडी त्याला गोळी घालतो. मग तापवलेली तार क्लार्कच्या रक्तात घालतात, काहीच होत नाही. माणूसच होता. त्याला गावाकडे बायको, कर्ज, काहीही दिलं असतं तर संशय विरला असता आणि तो क्षण गेला असता.

कुत्रा ज्या खोलीत शिरतो तिथल्या भिंतीवरची सावलीसुद्धा बारांपैकी कुणाची नाही. स्टंटमन डिक वॉरलॉकला उभं केलं होतं, आकृतीवरून ओळख पटू नये म्हणून. तरी लोक नाकं मोजत बसतात. पामर की नॉरिस?

शून्यप्रहर

नॉरिस. आणि चाइल्ड्सच्या शेवटच्या प्रसंगात कानात बाळी आहे म्हणून तो माणूस, असं कुणी म्हणायच्या आत थांबवतो. धातूची नक्कल होत नाही हा नियम २०११च्या पूर्वकथेतला. १९८२ला लागू नाही. श्वासाची वाफ दिसत नाही हा पुरावाही बाद, बदललेल्या बेनिंग्सच्या तोंडातून वाफ निघतेच.

रीळ क्र. ७

बघा, २०११चा नियम १९८२ला लावायचा नाही म्हणता. मग १९८६ची फाइल १९७९ला कशी लावू?

उल्का

नियम वेगळा, नोंद वेगळी. नियमाने जुन्या प्रसंगाचा निकाल बदलतो. नोंदीने लॅम्बर्टचा एकही प्रसंग बदलत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय.

रीळ क्र. ७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कुत्र्याची सावली

रक्ताच्या पिशव्या कुणी फोडल्या यावर वाद घालणाऱ्यांसाठी: विंडोज गॅरीकडून किल्ल्या घेऊन येतो, बेनिंग्सला बदलताना बघतो आणि पळतो. किल्ल्या तिथेच पडतात, म्हणजे कुणीही उचलू शकतं. चित्र बघत बसू नका, हेडफोन लावा, आवाज येतो.